पांढरे तीस सेंताव

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या तागड्या तपासल्या.
डिचोली, साखळी, म्हापसा.
मासळीवालीच्या पारड्याखालचं मेण
नखाने काढून तिलाच दाखवलं.
ती हसली, मीही हसलो,
मग पावती फाडली.

निवृत्त झाल्यापासून चुका जमवतो.
वाकड्यातिकड्या नव्हेत.
ठसा नीट, अक्षरं नीट, कड नीट,
फक्त धातू दुसऱ्याचा.
टांकसाळीत एकाची चकती
दुसऱ्याच्या साच्याखाली जाते,
घाव बसतो, झालं.
पुढे जन्मभर तिला त्या नावाने हाक मारतात,
किंवा मारतच नाहीत.
माझ्याकडे अशी सात आहेत.
आठव्याची जागा कापून ठेवली आहे.

शुक्रवारी बाजारात, शाबी कांसाराच्या दुकानात
मी आपला काटा घेऊन बसतो.
समोर चोरिसांच्या माळा, मोयऱ्याची केळी.
कायतान मिनेझिस आला, उसकईचा.
तपकिरीची डबी, डबीत कापूस,
कापसात तीस सेंताव.
लाल असायला हवेत ते. हे पांढरे.

‘खरें काय फटीचें?’
किंमत नाही विचारली.

मी फट धरूनच चाललो.
कल्हई केलेली दोन याआधी आली होती,
कड घासली की तांबडी लाज उघडी पडते.
भिंग लावलं. पांढरं.
कड घासली. पांढरंच.
काट्यावर ठेवलं.
कांसं असतं तर जिथे थांबलं असतं
त्याच्या अर्धी गुंज अलीकडे थांबलं.

काटा हलत होता तोवर तो बोलला.
एकोणसाठ साल. रुप्या जाऊन एस्कुद नुकते आलेले.
हा नऊ वर्षांचा.
पदेराने पाव दिला नाही.
घासलेटवाल्याने रस्त्यावर भिरकावलं.
इगर्जीच्या पेटीत टाकायला गेला
तर साक्रिस्तांवाने मनगट धरलं.
आणि घरी आई,
हातात झावळीचा देठ:
खरं नाणं कुठे खर्चलंस?
आपल्यात म्हणतात, आपलंच नाणं खोटं.
तिने कोंकणीत काय म्हटलं
ते त्याने सांगितलं नाही.

चालतं नाणं झिजतं. हातोहात
ढाल जाते, साल जातं.
हे कुणी घेतलंच नाही, म्हणून इतकं नवं.
असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतो, हौसेने.
त्याला सांगताना जीभ अडली.

‘खरं आहे,’ म्हणालो. ‘चूक लिस्बनची.’

‘बरोवन दी.’

शिक्का खात्यात जमा केलेला.
शाबीच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं:
वजन, तारीख, सही,
सदर नाणे खरे आहे.
आणि खाली, मुलाची चूक नाही.
एकतीस वर्षांत भरलेल्या कुठल्याच नमुन्यात
ही ओळ नव्हती.

लिहिलं मराठीत.
त्याला नागरी अक्षरं येत नव्हती.
दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून,
दुसऱ्यांदा डोळे मिटून.
मग कागदाची बारीक घडी घालून
डबीत ठेवली, वर कापूस,
आणि चोरिसांच्या माळांखालून वाकून गेला.

पारड्यात नाणं तसंच.

विसरला की ठेवून गेला,
मी अजून ठरवलेलं नाही.
आज चौथा शुक्रवार.
उसकईला जाऊन आलो.
तिथे दोन कायतान मिनेझिस आहेत.
दोघेही तो नव्हेत.

अल्बममधलं आठवं भोक रिकामं आहे.
नाणं खिशात घेऊन फिरतो,
सुट्ट्या पैशांत मिसळतं, पुन्हा निवडून काढतो.

काल चहाच्या गाड्यावर उगाच देऊन पाहिलं.
पोऱ्याने उलटं केलं, सुलटं केलं,
माझ्या तोंडाकडे बघितलं,
आणि बशीत ठेवून
परत माझ्याकडे सरकवलं.