हात टेकण्याची जागा

किनुए तोगाशी, वय एकोणनव्वद,
दारातच म्हणाली :
नगरपालिकेनं पाठवलं ना तुला?
मग चहा पी आणि जा.
मी अजून पडलेली नाही.

मी सुतार. वाद घालायचे पैसे मला मिळत नाहीत.
बूट काढले, टेप काढली,
चहाला हो म्हटलं.

आमच्या आकितात डिसेंबर लागला की
आधी अंधार पडतो, मग बर्फ पडतो,
मग माणसं.
पहिली दोन माझ्या हातात नाहीत.
तिसऱ्यासाठी माझ्या गाडीत ओकचा दांडा असतो,
पस्तीस मिलिमीटर जाड,
मुठीत धरला की बोटं अंगठ्याला भेटावीत एवढाच.
आणि पकडी, आणि लांब स्क्रू,
आणि भिंतीमागचा खांब शोधणारी बोटाची टकटक.
पोकळ वाजलं की पुढे सरकायचं.
भरीव वाजलं की थांबायचं.

ती शेजारणीचं सांगत होती.
हिरासावाबाई रात्री लघवीला उठली,
गादीच्या काठात पाय अडकला,
खुब्याचं हाड.
दवाखान्यातून परस्पर मुलीकडे गेली, सेंदाईला.
तिच्या अंगणातली पर्सिमनं आता कावळे खातात.
"पण ती मुळातच वेंधळी," किनुएबाई म्हणाली,
"मी तशी नाही."

मी मान हलवली.
तिच्या सपाता टाचेकडे दबलेल्या होत्या,
घसाघसा ओढत चालणाऱ्या माणसाच्या असतात तशा.
बोललो नाही.

मग खिडकीचा पडदा सारला आणि भिंत दिसली.
दारापासून न्हाणीपर्यंत
पांढऱ्या गिलाव्यावर एक तपकिरी ओळ,
तुटक तुटक.
तळव्याएवढे डाग, दर दोन पावलांवर.
वळणावर गडद.
पायरीपाशी तर भिंत चकाकत होती,
जुन्या नाण्यासारखी.

म्हणजे हात तिनं केव्हाच टेकले होते,
कुणाला कळू दिलं नव्हतं इतकंच.

मनगटाच्या हाडाशी माप घ्यावं
असं आमच्या माहितीपत्रकात लिहिलंय.
मी ते घडी घालून खिशात ठेवलं,
पेन्सिल काढली
आणि तिच्या डागांमधून रेघ ओढत गेलो.

ती बघत राहिली. चहा निवला.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"न्हाणीत जरा खाली घे. तिथे मी वाकते."

रेघेच्या वर, वीतभर अंतरावर,
आणखी एक ओळ होती. फिकट.
हात सवयीनं पॉलिशपेपरकडे गेला.
"ते राहू दे," ती म्हणाली.
"तो मळ नाही. तो माझ्याहून उंच होता."
कोण, ते मी विचारलं नाही.
खालून दांडा गेला, वरचे डाग तसेच राहिले.

तीन तास लागले.
शेवटी मी दांड्याला अक्षरशः लोंबकळून दाखवलं,
अठ्ठ्याहत्तर किलो,
तेव्हा ती पहिल्यांदा हसली.
पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मात्र लावू दिली नाही.
घर आजारी दिसतं म्हणे.
बोळातला छोटा गालिचा स्वतःच गुंडाळून दिला :
"घेऊन जा. नणंदेनं दिलेला.
तीस वर्षं मला आवडला नाही."

मला पोचवायला दारापर्यंत आली
दांड्याला बोटही न लावता,
मुद्दाम, मधोमध चालत.

बाहेर रात्र पडली होती, बर्फही.
मी बूट घालायला खाली बसलो.
वय एकसष्ट, डावा गुडघा.
उठताना माझा हात
मला न विचारता
भिंतीला गेला.

तिनं पाहिलं.
"तिथे ठोकून बघितलंस का?" ती म्हणाली.
"भरीव आहे?"