पस्तीस मिनिटं, वजा एक दिवस

फागालीईच्या धावपट्टीपासून पागो पागो
एकशे तीस किलोमीटर, थोडं कमीजास्त.
वेळ पस्तीस मिनिटं,
वारा समोरून असला तर चाळीस.
दिवसातून वीसदा सांगतो मी हे
सामानाला चिठ्ठ्या बांधता बांधता,
आणि शेवटी: आज निघालात की काल पोचाल.
पर्यटक हसतात, फोटो काढतात
भिंतीवरच्या दोन घड्याळांचा,
ज्यांचे काटे हुबेहूब सारखे चालतात.
वार घड्याळात दिसत नाही.

एका डिसेंबरात आमच्या बेटाने
एक शुक्रवार गाळून टाकला.
व्यापारासाठी, म्हणाले.
गुरुवारी झोपलो ते शनिवारी उठलो.
पुतण्याचा वाढदिवस नेमका त्यात गेला,
अजून मागतो माझ्याकडे तो राहिलेला केक.

मंगळवारी सकाळी सिनापाती आली.
एवढ्याशा विमानात माणसंही तोलावी लागतात,
कोण कुठे बसणार ते काटा ठरवतो.
ती चढली, काखेत चटईची सुरळी,
बारीक विणीची, एक कड अजून उसवी.
म्हटलं, ती खाली ठेव, वेगळी मोजतो.
नको म्हणाली.
एकोणऐंशी किलो, चटईसकट. लिहून घेतलं.

"आई पहाटे चारला गेली.
वालासीला फोनवर नाही सांगायचं मला.
तिकडे आज सोमवार ना?"
हो.
"सोमवारी या वेळेला ती नीरफणस भाजत होती.
मी चूल विझू दिली
म्हणून केवढी बोलली मला."

मी तिला तीन नंबरची सीट दिली,
पंखाशेजारची.
मागे रांगेत एक बाई कोंबडीचा खोका घेऊन उभी होती,
खोक्याला भोकं पाडली नव्हती.
त्यात माझी दहा मिनिटं गेली,
विमान उडालेलं पाहिलंच नाही.

दुपारच्या फेरीने दोघी आल्या.
सोमवारी तीनला निघाल्या,
मंगळवारी तीन पस्तीसला उतरल्या.
सकाळी सोडून गेलेला मंगळवार
इथेच होता, उन्हात, जरा कललेला.

वालासीच्या डोक्यावर कारखान्यातली जाळीची टोपी तशीच,
अंगाला टूनाचा वास.
काउंटरवर कोपरं टेकून मलाच सांगू लागली:
"साहेबाला रजेचा अर्ज दिला.
आई गेल्याची तारीख लिहिली, तर म्हणतो,
बाई, ही तर उद्याची तारीख.
उद्याच्या मरणाची रजा
आज कशी मंजूर करू?"

मग?

"मग काय. खोडलं,
पोटात दुखतंय म्हणून लिहिलं."

सिनापातीला हसू फुटलं. वाईट हसू, थांबेना.
मग वालासीलाही.
कोंबडीवाल्या बाईचा जावई
वळून वळून बघत राहिला.

टॅक्सीकडे गेल्या तेव्हा चटई
वालासीच्या काखेत होती,
चाल एका बाजूला झुकलेली.
उतरणाऱ्यांना आम्ही काट्यावर
उभं करत नाही.