फाडल्यान

पाचवीत बाईंनी शंभर वेळा लिहून घेतलं:
मला, मला, मला.
एकदा तोंडून माका निघालं होतं, तेवढ्यावर.
त्या रात्री शलाका जेवली नाही,
आणि जूनमध्ये आम्ही तिला शाळेत पाठवलंच नाही.
मीच शिकवीन म्हटलं.
वाटलं होतं, गणित अवघड जाईल.

व्याकरण तर माझंच. अकरा वर्षं सांगलीच्या छापखान्यात
मुद्रितं तपासली मी; अजून
पुडीचा कागद वाचताना हात पेन्सिल शोधतो.
तारामुंबरीला खाडीकडच्या पडवीत
रोज साडेसात ते साडेआठ
विभक्ती, संधी, मग प्रयोग.
बाहेर जवळा सुकत घातलेला, आत आम्ही:
कर्ता ओळखा, कर्म ओळखा.

तीन वर्षं झाली, वही चौथी.
नणंद विचारायची, अजून किती गो?
पुस्तक संपलं की? परीक्षा तर कुठलीच नाही.
भाकरी भाजली ते कळतं, फुगते.
मुलीचं व्याकरण भाजलं
हे कशावरून कळावं?

माघात एका पहाटे उल्हास रिकामा परतला.
अंगणात टाकलेलं ते जाळं म्हणायचं
तर नुसती भोकंच होती, मध्ये मध्ये दोरा.
मी मत्स्य खात्याला अर्ज लिहायला बसले.
"आमचे जाळे कापले गेले असून
सुमारे ऐंशी हजारांचे नुकसान झाले आहे."
एक वेलांटी चुकलेली नाही.

शलाकानं वाचलं. म्हणाली, कर्ता कुठाय?
म्हटलं, अर्जात असंच लिहितात. कर्मणी.
"ट्रॉलरने जाळे कापले, हेही कर्मणीच आहे, आई.
तुझ्या वाक्यातून तो पळालाय.
दिवे मालवून."

खरं सांगायचं तर मी मुद्दामच पळू दिला होता.
आमचा बर्फ त्याच माणसाच्या कारखान्यातून येतो.

उल्हास भोकं मोजत होता. मान वर न करता म्हणाला,
"जाळा फाडल्यान. तितक्याच लिव."

ती थबकली.
फाडल्यान. फाडल्यान.
आमसूल चघळावं तसा तिनं तो शब्द
या गालातून त्या गालात नेला.
"आई, ह्या शेवटच्या न मध्ये बसलाय तो.
बाबांच्या क्रियापदातून कर्त्याला उडीच मारता येत नाही.
हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

कुठल्याच नव्हतं.
ज्या पुस्तकात माका नाही
त्यात हे कुठून असणार.

अर्ज तिनं लिहिला. ट्रॉलरचा नंबर, मालकाचं नाव,
वेळ, वाव किती, वारा कुठला.
"जाळे पुर्ण निकामी केले."
पहिला उकार खोडून मी दुसरा दिला.
हात ऐकेना, काय करू.
ती म्हणाली, हां, पूर्ण. आणि घडी घातली.

दुसऱ्या दिवशी साडेसातला वही घेऊन आली.
बहुव्रीही अर्धा राहिलेला, अलंकार सगळेच.
म्हटलं, राहू दे.
"संपलं?"
संपलं नाही. थांबू या.
बरोबर केलं का, अजून मला ठाऊक नाही.
त्या तासाला हात कुठं ठेवावेत तेही कळेना,
मग जवळा उलटायला गेले.

बर्फ आता आम्ही लांबून आणतो, महाग पडतो.
अर्जाला पोच मिळाली, उत्तर नाही.

चौथ्या वहीच्या मागच्या पानांवर
ती वडलांची क्रियापदं मांडते:
हाडल्यान, सांगल्यान, खाल्ल्यान, इलो.
रकाने तिनंच आखलेले.
मी तपासत नाही; ती भाषा मला तेवढी येत नाही.
एकदा विचारलं, हा तिसरा रकाना कसला?
म्हणाली,
त्याला अजून नाव ठेवलं नाही.