पथारी

दिवाळी होऊन नऊ दिवस झाले होते.
नंदुरबारच्या बायपासपलीकडे चौदा एकर मिरची वाळत पडलेली,
इतकी लाल, की डोळे मिटले
तरी पापणीच्या आत तीच.
मी काट्यावर. मांडीवर वही,
नाकाला उपरणं, दोन्ही कानांत कापूस
(बी उडून कानात गेलं की रात्र जाते).

सकाळी रेडिओ म्हणाला होता,
अरबी समुद्रात काहीतरी फिरतंय, गुजरातकडे सरकतंय.
मी ऐकलं, आणि लिहिलं:
एकतीस किलो, चारशे ग्रॅम.
समुद्र पडला सुरतेच्याही पलीकडे.
त्याचं आमच्याकडे कसलं येणं-जाणं?

रायकी वसावे मात्र सकाळपासून
दर पाथीच्या टोकाला थांबून फोन कानाला लावायची.
नवरा पोळ्यानंतर वेरावळला गेलेला, बोटीवर.
सगळ्या बोटी आत आल्या म्हणे,
दोन राहिल्या.
फोनमधली बाई गुजरातीत काहीतरी सांगायची,
मग हिंदीत तेच,
आणि रायकी दोन्ही वेळा पूर्ण ऐकून घ्यायची.

तीनच्या सुमाराला मावळतीकडून
ओल्या पोत्याचा वास आला.
मुकादम धनराज झाडाखाली चहा पीत होता,
त्याच्या बशीतला चहा थरथरला,
एवढंच दिसलं आधी.
मग सगळी पथारी जागच्या जागी कुशीवर वळली.

बी उठलं. टरफल उठलं.
लाल धुरळा रस्ता ओलांडून गेला
आणि वारा जाईल तिथे खोकला लागला,
टपरीवाला खोकला, एसटीतली माणसं खोकली,
खिडक्या लावता लावता अख्खी शाळा,
शेंडीच्या कोंबड्यासकट टपरीमागचं खुराडं.
"पानी उनं! पानी उनं! धावा वं माय!"
धनराज ओरडत सुटला, शिव्याही मध्येच शिंकत देत.

चाळीस बायका. सतरा ताडपत्र्या.
फावड्यांनी ओढायचं, ढीग करायचा,
ढिगावर टाकायचं, कडेला दगड.
दगड कमी पडले.
मग बायकाच कडेवर बसल्या.
एक ताडपत्री आतून फुगली, उभीच राहिली,
शीड असं असतं म्हणतात, मी चित्रातच पाहिलंय.
तिच्या दोरीला रायकी लोंबकळत होती,
टाचा चिखलात रोवून, अंग मागे टाकून,
फोन चोळीत, पदर दातांत.
मी वही टाकली आणि दोरीचं मागचं टोक धरलं.
एवढ्या जोराने ती कुणाला ओढत होती
ते मी विचारलं नाही.

पाऊस आडवा आला.
जे झाकायचं राहिलं त्याचं पाणी लाल होऊन
पायांमधून वाहत नाल्याला लागलं.
नाला तापीला मिळतो. तापी कुठे जाते
ते चौथीच्या भूगोलात होतं.
शेठ गाडीतूनच काच अर्धी खाली करून म्हणाले,
"किती गेला?"
मी म्हणालो, मोजू उद्या.

अंधार पडल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये
सगळ्यांचे हात परातीतल्या ताकात.
आग कोपरापर्यंत चढलेली.
वीज गेलेली, मेणबत्ती वाऱ्याला पाठ करून लावलेली.
तेव्हा रायकीच्या चोळीत थरथरलं.

तिला हात लावता येईना,
शेजारणीने फोन काढला, तो निसटला,
शेवटी मी उपरण्यात धरून तिच्या कानाशी नेला.
पलीकडे नुसता वारा.
आमच्या पत्र्यावरही वारा,
कुठला इथला आणि कुठला तिथला कळेना.
ती "हालो" म्हणाली. पुन्हा म्हणाली.
धनराजने श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मग तिकडे कुणीतरी खोकलं.
कोरडं, दोनदा, आणि थोडं थांबून
तिसऱ्यांदा.
रायकीने ताकाचे हात तसेच वर धरले,
कोपरांवरून थेंब गळत होते.
"त्योच हाय," ती म्हणाली,
"गेल्या साली हितंच होता पथारीवर,
तवापासनं असाच खोकतो."