गोटी

फ्लॅट बघायला जाताना पर्समध्ये मी एक गोटी ठेवते.
हिरवी, आत पिवळी पाकळी.
हॉलच्या मधोमध ठेवायची आणि गप्प उभं राहायचं.
एजंट पगार सांगत असतो, पूर्वेचं दार, खेळती हवा,
शाळा पाच मिनिटांवर,
कुणाच्या पायांनी ते सांगत नाही,
आणि गोटी हळूच कोपऱ्याकडे निघते.
गोटीला कमिशन नसतं.

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या.
कोऱ्या, शाईचा वास अजून न मेलेला,
आणि एकही माझी नाही. संध्याकाळी झडती देऊन बाहेर.
त्यामुळे असेल,
चांगली वस्तू दिसली की मला आधी तिचा दोष दिसतो.

सकाळी मी घर बघत नाही.
रात्री साडेनवाला जाते, एकटी.
पार्किंगमध्ये ओल किती, भांडण कुठल्या मजल्यापर्यंत ऐकू येतं,
लिफ्टवरचा ‘बंद आहे’ लिहिलेला पुठ्ठा किती जुना.
इस्त्रीवाल्याला विचारते, कुठल्या मजल्यावरून कपडे येत नाहीत?
तो न अडखळता सांगतो: सहावा पूर्ण, चौथा अर्धा.
इंडेक्स टूमध्ये हे लिहिलेलं नसतं.

एकदा गोदेकाठी, सातवा मजला, गॅलरीतून नदी.
विचारलं, इमारत पूररेषेच्या आत की बाहेर? निळी की लाल?
पगार हसला. मॅडम, पाणी वाढलं तर व्ह्यू आणखी जवळ.
त्याने चहा पाजला. तेवढाच घेतला.

घेतले ते तीन.
तिसरा पाथर्डी फाट्याला, वन बीएचके, चौथा मजला.
बिल्टअप सहाशे दहा,
कार्पेट, मी स्वतः टेप धरून मोजला, चारशे सव्वीस.
मधले एकशे चौऱ्याऐंशी फूट कुठे राहतात, बिल्डरला विचारलं.
जिन्यात, म्हणाला.

हिशेब सोपा. भाडं साडेआठ हजार.
बारा महिन्यांचं कधी धरायचं नाही, अकराच धरायचे;
एक महिना घरात घरच राहतं.
त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, मोटार जळाली त्याची वर्गणी,
आणि एक रक्कम वहीत ‘काहीतरी होईलच’ या नावाने.
उरेल ते बँकेच्या व्याजाशेजारी उभं करायचं.
कधी कधी ते मान खाली घालतं.

तिथे खैरनार राहायचा, दिगंबर, आणि त्याची बायको.
दोघंही सातपूरला, दोन कंपन्यांत,
शिफ्टा एकमेकींना न भेटणाऱ्या.
करारात कलम नऊ: भिंतीस खिळा मारू नये.
दोन वर्षं फोनवर सांगत होता, ताई, सिंकखाली गळतंय.
मी म्हणायचे, बघते.

परवा त्यांनी घर सोडलं. किल्ल्या इस्त्रीवाल्याकडे.
डिपॉझिटमधून काय कापायचं ते बघायला गेले.
खिळे मोजले. चौदा. पन्नास धरून सातशे.
मग सिंकखालचं दार उघडलं.
कोरडं.
एमसील, त्यावर सुतळी, त्यावर पुन्हा एमसील,
जखम बांधावी तसं बांधलेलं.
आणि दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने:
‘पाणी ६.१० ते ६.५५. मंगळवारी दाब कमी.
मीना, तुझी फर्स्ट असेल तर पिंप मी रात्रीच भरतो. झोप.’

तीन वर्षं हा फ्लॅट माझ्या नावावर,
पाणी किती वाजता येतं, मला ठाऊक नव्हतं.
गोटी त्या दिवशी पर्समधून काढली नाही.

खिळ्यांचे सातशे कापले नाहीत.
एमसीलचे दिलेही नाहीत.
वहीत लिहिलं, फिटंफाट. मग ते खोडलं.

काल नवं जोडपं आलं, निफाडकडचं.
मुलीने आधी नळ सोडून बघितला. मला आवडली.
पाणी कसं असतं, काकू?
सहा दहा ते सहा पंचावन्न, मी म्हटलं,
मंगळवारी दाब कमी,
जशी वर्षानुवर्षं इथे मीच पिंप भरत आलेय.

रंगाऱ्याला सांगितलं, सिंकचं दार आतून राहू दे.
मजुरी तेवढीच पडेल, तो म्हणाला. पडू दे.
भाडं नऊ हजार सांगितलं.
दोघं एकमेकांकडे बघून म्हणाली, दोनशे कमी करा ना.

मी म्हटलं, बघते.