अंगठेबहाद्दर

कुह्मोच्या जंगलात बारा वर्षं मी झाडं पाडते.
हार्वेस्टरच्या काचेच्या केबिनमध्ये,
दोन दांडे दोन मुठींत.
अंगठा जरा हलला की स्प्रूस आडवा,
सोललेला, मापात कापलेला,
आणि मांडीवरच्या कपातली कॉफी
एक थेंब सांडत नाही.

संध्याकाळी तेच अंगठे कन्सोलवर.
सोफ्यावर डावीकडे माझा भाऊ राइमो,
ओले मोजे हीटरवर,
टीव्हीचे दोन तुकडे : वरचा त्याचा, खालचा माझा.
तो कुठे दबा धरून बसलाय
ते मी त्याच्या तुकड्यात चोरून बघायचे.
तोही बघायचा. कुणीच कबूल केलं नाही.

मग तो औलुला गेला, बंदरावर वेल्डिंगला,
आणि पीसीवर गेला.
"तूही ये इकडे," म्हणाला,
जणू तेही एक गाव आहे आणि तिथे खोल्या रिकाम्या आहेत.

कायानीच्या एका गणिताच्या मास्तरांकडून जुना घेतला.
शंभर किलोमीटर बर्फातून आणला
शेजारच्या सीटवर, पट्टा लावून.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू :
पहिल्या रात्री मला चालताच येईना.
पुढे जायचं तर मधलं बोट,
बसायचं तर करंगळी,
आणि डावीकडे सरकायला अनामिका,
जिला घटस्फोटापासून
काहीच काम उरलं नव्हतं.
अंगठ्याला फक्त एक लांब पट्टी. उडी मार.
बारा वर्षांचा मुकादम
दारावर नेऊन बसवला.

उजव्या हाताला माउस.
मी तो दांड्यासारखा घट्ट धरला
आणि आकाशाकडे, जमिनीकडे, पुन्हा आकाशाकडे
गोळ्या झाडत राहिले.
कॉफी सांडली.

कानात राइमो, सहज, काहीतरी चघळत :
"कन्सोलवर नेमाला मदत असते ना गं.
निशाणी माणसाजवळ गेली की आपोआप चिकटते थोडी.
इथे तसलं काही नाही."

मी गप्प.
बाहेर उणे सत्तावीस.
सोफ्यावरच्या त्या सगळ्या संध्याकाळी
मनात एकेक करून उलट मोजल्या :
जुन्या कारखान्याच्या छतावरून मारलेला तो,
ज्याच्याबद्दल मी नाताळच्या जेवणात सांगितलं होतं,
दोनदा,
तो माझा होता का?

सकाळी केबिनमध्ये खोड हातात आलं.
पडद्यावर आकडा उमटला : इथे काप.
रोजच उमटतो.
त्या दिवशी मी तो वाचला
आणि जरा वेळ यंत्र नुसतं घरघरत ठेवलं.

नववी रात्र असेल.
एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती :
कन्सोलवर मागे वळायचं
तर केबिन फिरते तसं सावकाश, कुरकुरत.
इथे मनगटाचा एक झटका
आणि पाठीमागचं सगळं समोर.
मी वळले.
राइमो भिंतीकडे तोंड करून उभा,
बंदूक खाली, नुसता श्वास घेत.
हाक मारली. नाही.
कानात नळ वाहत होता,
कपाटाचं दार, चमचा,
मी अजून न पाहिलेल्या स्वयंपाकघरातलं.

आता पडदा अख्खा माझा आहे,
आणि तो काय बघतोय ते मला दिसत नाही.
मी त्याच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले,
चार बोटं आपापल्या जागी,
माउस अगदी हलका, चिमणी धरावी तसा.

जिन्यावर पाय वाजले.

राइमो परत आला, खुर्ची करकरली.
"कुणी आलं होतं का?"
"एक आला होता."
"मग?"
"गेला."