थंड इंजिन

हत्तुरेंना आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं,
गाडी सुरू करून ठेवू नका, मी येऊन करते.
सकाळी साडेसातला होटगी रोडला पोचले
आणि नमस्काराआधी बॉनेटवर तळहात ठेवला.
कोमट.
"ऊन लागलं असंल मॅडम."
ऊन अजून समोरच्या टायरवाल्याच्या पत्र्यावरच होतं.

मी वाद घातला नाही. उद्या बघू म्हटलं.
चहा मात्र प्याले. चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सव्वासहा, न सांगता,
आणि सोबत नाना.
माझे वडील, नरसय्या वडनाल, अडतीस वर्षं यंत्रमागावर,
डाव्या कानानं बहिरे.
उजव्यानं त्यांना फक्त बिघाड ऐकू येतो, असं आई म्हणायची.
मौलाली नदाफ आधीच गेटशी उभा,
खिशात टॉर्च, हातात दाखवायचं भडंग.
रखवालदारानं कुलूप काढलं, जांभई देत.

ती तिथंच होती, लाल, चौदा नंबरची,
पुण्याच्या कुणा पोराची हौस, दोनशे तीस घोडे.
मी सहकारी बँकेत कॅशियर.
माझ्या स्कूटरला आठ घोडे असतील, तेही उतारावर.
का हवी, असं घरात कुणी विचारलं नाही,
म्हणून मलाही सांगावं लागलं नाही.

बॉनेट माठासारखं गार.
चावी फिरवली.
नाना वाकले, उजवा कान पुढं करून, डोळे मिटून,
आणि मी श्वास धरला, दहावीच्या निकालाला धरला होता तसा.
"एक धोटा उशिरा येतोय," ते म्हणाले.
मौलालीनं मशीन जोडलं, वाचलं, हसला.
"तिसरा सिलिंडर. प्लग गेलाय. आणि ताई,
कुणीतरी आतल्या डोक्यात हात घालून घोडे वाढवलेत.
कंपनीचं परत टाकून घ्यायचं, त्यांच्या पैशानं."

मी टायरवरचे आकडे वाचत होते, कुठल्या आठवड्यातले, कुठल्या साली.
सत्तावीस हजार किलोमीटर म्हणे,
आणि ब्रेकच्या पेडलचं रबर जिभेसारखं गुळगुळीत.
वहीत लिहून ठेवलं.
नाना गाडीभोवती फिरत होते,
अंगठा पत्र्यावरून नेत, कापड बघावं तसा.
मागच्या उजव्या चाकाच्या वर थांबले.
घरातल्या तेलुगूत म्हणाले, आगु.
थांब.

मी रंग मोजायचं यंत्र लावलं.
सगळीकडे एकशेवीस, इथं चारशे दहा.

हत्तुरे आले तेव्हा केस ओले, कपाळावर भस्म ताजं.
अंगठा अजून तिथंच होता.
"डिव्हायडरला घासली होती," ते म्हणाले, "नुसता पत्रा."
मौलाली खाली गेला, बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत राहिले.
"सांगाडा सरळ आहे."
नाना पहिल्यांदाच हत्तुरेंकडे वळले.
"आमच्याकडं दोरा तुटलेली चादर सेकंडमध्ये काढायचे.
विकायचेच की. पण फर्स्टच्या गठ्ठ्यात घालत नव्हते."

साठ हजार उतरले. मग आणखी पंधरा, पेडलबद्दल.
मी म्हटलं, हे सगळं पावतीवर लिहा,
घासलेलं, रंगवलेलं, वाढवलेले घोडे.
"लिहायला कशाला, माणसावर विश्वास…"
मी म्हटलं, रोज लोकांच्या नोटा मोजते मी,
विश्वास ठेवूनच मोजते.
लिहिलं त्यांनी. अक्षर सुरेख.

चॅसीचा नंबर कागदाशी एकेक आकडा जुळला.
दंडाच्या चार पावत्या निघाल्या, सगळ्या वेगाच्या.
पण बोजा उतरलेला नाही, पोराच्या बँकेचा दाखला यायचाय.
म्हणून टोकन अकराच हजार, चेकनं,
आणि गाडी तिथंच.

आज सतरावा दिवस.
संध्याकाळी बँक सुटली की वाट वाकडी करून तिकडून जाते.
काचेवर "विकली" असा कागद, एक चिकटपट्टी सुटलेली.
घरी नाना रोज विचारतात, कागद आला का?
परवा त्यांनी स्वतःच जाऊन काय केलं, मला काल कळलं.
बॉनेटवर आमची जुनी निळी चादर, सेकंडची,
तुटल्या दोऱ्याची बाजू वर.

हत्तुरे आत कुणाशी तरी बोलत होते.
मी चादरीखाली हात घातला.
गार.